टूंच्या खाली

३ जून १९८६

शाळेने एक वर्षाची बिनपगारी रजा मंजूर केली. "वैरागडे सर, तुमच्याशिवाय आठवी ब चं व्याकरण कोण सांभाळणार?" असं म्हणता म्हणता मुख्याध्यापकांनी सहीला हात घातला, आणि घाईत पेनाचं टोपण काढायचंच राहून गेलं. असो. इतकी वर्षं मी नागपूरच्या पोरांना 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' म्हणायला शिकवलं. आता ती "सर, मला पाणी प्याले जायचं आहे" इथपर्यंत आली आहेत. एवढ्या यशानंतर माणसाने क्षेत्र बदललेलं बरं.

नवं क्षेत्र म्हणजे ऐकायचा खेळ. कॅसेटवर. नाव 'काळभुयारातला खजिना'. लेखक, दिग्दर्शक आणि निवेदक मीच. ऐकणारा पोरगा हाच नायक. मी त्याला भुयारात नेऊन सोडतो आणि विचारतो, डावीकडे की उजवीकडे? डावीकडे जायचं तर कॅसेट चालू द्या, उजवीकडे जायचं तर पालटा. वाट चुकली की भुयाराचा म्हातारा राखणदार, भुयारबाबा, त्याची खरडपट्टी काढतो आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. परदेशात म्हणे असलं काहीतरी कॉम्प्युटरवर खेळतात. आपल्याकडे कॉम्प्युटर नसला तरी टू-इन-वन आहे. पुण्याच्या 'सुबोध ध्वनी' कंपनीला कल्पना पसंत पडली आहे.

गोपिका म्हणाली, "अन् पोट्ट्यानं कॅसेट पालटलीच नाई तं?" बायकोला कलेतलं कळत नाही हे दुःख मी लग्नापासून मुकाट्याने सोसतो आहे.

९ जून

भुयारबाबाच्या आवाजाची निवड. सीताबर्डीत ओमप्रकाशचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, भिंतींना गाद्या आणि मधे एक काच. तीन नामवंत नट आले. पहिल्याचा भुयारबाबा राज्याभिषेकाला निघालेला वाटला, दुसऱ्याचा मयतीला. तिसऱ्याने वाचायच्या आधी चहाचं विचारलं आणि चहा झाल्यावर निघून गेला.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "अबे भैताडा, डबा घरीच ठेवून आला! आता काय माइक खाशीन?" आमचे तीर्थरूप डबा घेऊन आले होते. आत माइक चालू होता. ओमप्रकाशच्या मशीनचा काटा लाल रेघेच्या पलीकडे जाऊन पडला. तो कानातलं काढून म्हणाला, "सर, यही है. भुयारबाबा मिल गया."

बाबांनी, म्हणजे महादेवरावांनी, सगळं आयुष्य भिवापूरच्या बाजारात मिरचीच्या लिलावाची बोली पुकारली. भोंगा लागला नाही कधी. आई गेल्यापासून आमच्याकडे प्रताप नगरात असतात आणि ती बोली आता माझ्यावर चालते. अलीकडे आवाज जरा बसलेला असतो, मधेच फाटतो. मिरचीच्या खकाण्यात आणि बिडीच्या धुरात मुरलेला घसा, दुसरं काय होणार! पण भुयारातल्या म्हाताऱ्याला तो असा शोभतो की आयता घसा देवाने पाठवला म्हणायचं.

१८ जून

रेकॉर्डिंगचा पहिला दिवस. मी लिहिलेलं वाक्य: "हे मूढ बालका, तू मार्ग चुकलास."

बाबा म्हणाले, "मूढ बालका कोन हाय गा? मी तं जन्मात कोनाले असं म्हनलं नाई."

"बाबा, समोर एक मुलगा आहे अशी कल्पना करा."

"कल्पना कायले करू? मुलगा हाय ना माह्या समोर. तू त्या काचीच्या मांगं उभा राह्य. मंग येते मले."

मी काचेमागे उभा राहिलो. दिग्दर्शकाला पात्रासाठी काय काय करावं लागतं! मग बाबा सुटले. "अबे भैताडा, डोळे काय बजारात इकून आला का? समोर भला मोठा खड्डा हाय ना!" "पुन्हा तिकडंच गेला? एक डाव पडून अक्कल आली नाई का रे भैताडा तुले?" ओमप्रकाश तोंडात रुमाल कोंबून हसत होता. हे सगळं पात्राला उद्देशून होतं, मला नव्हे. तरी तीन ठिकाणी माझ्या स्कूटरचा आणि एका ठिकाणी माझ्या रजेचा उल्लेख आला आहे, तो कापावा लागेल.

घरी आल्यावर गोपिकाने बाबांना ज्येष्ठमधाची काडी दिली. मी काढून घेतली. ए बाजूला घोगरा आणि बी बाजूला साफ, असा भुयारबाबा कसा चालेल? "आवो, मामाजीचा घसा दुखून राहिला. घास गिळाले बी तरास होते त्याहिले," गोपिका म्हणाली. मी सांगितलं, बी बाजू होऊ दे, मग ज्येष्ठमधाचं पोतं आणतो.

२७ जून

पुण्याहून कंपनीचे आगाशे आले. गिरिधर आगाशे. पांढरा शर्ट, पांढरा रुमाल आणि नागपूरच्या उकाड्याबद्दल मला वैयक्तिक दोष देणारा चेहरा. ए बाजू ऐकून खूश झाले. "काय घोगरेपणा आणलाय हो! हे तुम्ही करून घेतलंत?" मी नम्रपणे मान खाली घातली. श्रेय नाकारण्याचा उद्धटपणा माझ्यात नाही.

मग म्हणाले, "पण हे मधूनमधून काय म्हणतात ते? भै... भैताड? शिवी आहे का?"

"छे, छे. मूर्ख, एवढाच अर्थ."

"मग मूर्ख म्हणायला सांगा ना. पालक ऐकणार आहेत. ज्या शब्दाचा अर्थ पुण्यात कळत नाही, तो पुण्यात घाणच समजला जातो."

बाबांना बसवलं. "अरे मूर्खा," बाबा म्हणाले. आवाजात अजिबात जीव नाही. पुन्हा. पुन्हा. शेवटी त्यांना ठसका लागला तो थांबेना. पाणी प्यायले, रुमालाला तोंड पुसलं आणि रुमाल घाईघाईने खिशात घातला. म्हणाले, "आगाशेसाहेब, मूर्ख म्हंजे ज्याच्याशी आपलं काई घेनंदेनं नाई तो. भैताड आपल्या घरचा राह्यते." आगाशे हसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, शब्द जाऊ द्या.

तोडगा ओमप्रकाशने काढला. दूरदर्शनचा कार्यक्रम संपल्यावर येतो तसला टूं आवाज त्याच्याकडे आहे. शब्द तिथेच राहील, वरून टूं. मला हे फार पटलं. आपल्या बोलीतल्या रांगडेपणाला इतकी वर्षं ज्या शिस्तीची गरज होती, ती एका बटणात सापडली.

५ जुलै

दिवसभर टूं घालत बसलो. बाबांचा "अबे" आला की मी बोट वर करायचं, ओमप्रकाशने बटण दाबायचं. सुरुवातीला चुका झाल्या. एकदा शब्द सुटला आणि 'खड्डा' झाकला गेला, त्यामुळे खड्डा भलताच अश्लील वाटू लागला. नंतर शब्दावरही टूं टाकला, खड्ड्यावरचा तसाच ठेवला.

ओमप्रकाशने विचारलं, "सर, बिना टूंवाला एक टेपचा स्पूल अलग ठेवू का? आवाज एकच वेळा निघते असा." मी म्हणालो, कशाला? त्याच स्पूलवर टूं भर, आणि कॅसेट निघाली की तो स्पूल नि काटछाटीचे तुकडे पुसून दुसऱ्या कामाला घे. ज्याच्यावर पडदा टाकला ते जपून कोण ठेवतं?

संध्याकाळी बाबांना ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "माह्या तोंडात भोंगा काहून कोंबला गा? शिवी असती तं मी तुले रोज म्हनलं असतं का?" आवाज इतका बसला होता की वाक्याचा शेवट मला अंदाजाने लावावा लागला. कलावंतांना मान दिला नाही की ते रुसतात, हे मी नाट्यशास्त्रात वाचलं आहे.

गोपिका पुन्हा डॉक्टरचं म्हणाली. बी बाजूची दोन वाक्यं राहिली आहेत. ती झाली की नेतो.

१४ ऑगस्ट

कॅसेट बाजारात येऊन तीन आठवडे झाले आणि मी प्रसिद्ध झालो. म्हणजे रस्त्यात लोक थांबवतात. खजिना कुठे आहे, हे कुणी विचारत नाही. डावीकडे जावं की उजवीकडे, हेही नाही. एकच प्रश्न: "सर, टूंच्या खाली काय हाय?"

पोरं मुद्दाम चुकीच्या वाटेने जातात. खजिन्यापर्यंत एकही पोचलेला नाही, कारण खजिन्यापाशी टूं नाही. आमच्या गल्लीत तर टूंच्या जागी शब्द भरायची स्पर्धा सुरू आहे. शेजारच्या यमुताईंच्या नातवाने काल भिंतीपलीकडून जो शब्द भरला, तो मी इथे लिहू शकत नाही. माझ्या डायरीला बटण नाही. मी हे शब्द चाळीस वर्षांत ऐकले नव्हते, आणि ते सगळे आता माझ्या बापाच्या तोंडी आहेत.

बाबा घरातच असतात. बोलत नाहीत. भात मऊ करून मागतात, तोही खुणेने. अजून राग गेलेला नाही असं दिसतं.

२२ ऑगस्ट

प्रताप नगर महिला संस्कार मंडळाच्या अध्यक्षा कुसुमताई पाच-सहा बायकांना घेऊन आल्या. चहा नको म्हणाल्या, म्हणजे प्रकरण गंभीर.

"सर, तुमी मास्तर मानूस. लेकरायच्या कॅसेटीत असे शब्द?"

"शब्द कुठे आहेत? टूं आहे."

"तेच तं! झाकलं म्हंजे झाकन्यासारखंच असन. मले सांगा, काय हाय तटी, टूंच्या खाली?"

मी घसा साफ केला आणि शक्य तितक्या शुद्ध उच्चारात म्हणालो, "भैताड."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कुसुमताई हसल्या, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "बाप्पा! आमाले काय समजले का तुमी? भैताडाले कोनी झाकते का? आमच्या घरी तं पूजेच्या दिवशी बी म्हनतेत. खरं सांगा ना."

"खरंच भैताड आहे हो!"

"मास्तर असून खोटं बोलता." आठ दिवसांत मूळ आवाज ऐकवा, नाहीतर मंडळ शाळेत जाऊन माझ्या नोकरीचं बघेल, असं ठरलं. मी शुद्ध मराठी शिकवतो म्हणून माझं कुणी कधी वाकडं केलं नव्हतं. आता ज्या शब्दाला मी वर्गात बंदी घातली होती, तोच आपला आहे हे सिद्ध करत फिरायचं आहे.

२३ ऑगस्ट

ओमप्रकाशकडे गेलो. स्पूल दाखवला. त्यावर आता एका मंगल कार्यालयाची जाहिरात आहे, मागे सनई. "सर, आपणच तं म्हनलं होतं," तो म्हणाला. म्हणालो होतो. काटछाटीतला एखादा तुकडा तरी? तेही पुसले. स्कूटरचे तीन उल्लेखसुद्धा.

हरकत नाही. बाबा आहेत. मंडळासमोर एकदा म्हणतील, झालं.

२५ ऑगस्ट

झालं नाही. बाबांना खुर्चीवर बसवलं, पलीकडे कुसुमताई, मी समोर उभा. म्हटलं, "बाबा, मी वाट चुकलो आहे. बोला."

त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही. मी म्हणालो, "बाबा, आता हा रुसवा पुरे. माझ्या नोकरीवर आलंय." पुन्हा हवा. मी चिडलो. म्हणालो, एरवी सकाळपासून म्हणता, आज लोकांसमोर म्हणायला काय जड झालं?

गोपिका स्वयंपाकघरातून बाहेर आली. लग्न झाल्यापासून ती माझ्यावर ओरडली नव्हती. "दिसत नाई का तुमाले? त्याहिचा आवाजच गेला! दोन मयने झाले मी बोंबलून राहिली!"

कुसुमताई उठल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी बाबांना हात धरून पलंगावर नेलं. शाळेचं काही बोलल्या नाहीत.

३० ऑगस्ट

डॉक्टरांनी आरशाने घसा पाहिला आणि आतला तुकडा काढून तपासायला पाठवला होता. आज रिपोर्ट आला. स्वरयंत्राचा कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागेल, सगळं. जीव वाचेल असं ते म्हणतात.

त्यांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?"

मी म्हणालो, "उन्हाळ्यापासून."

"मग तेव्हाच का आणलं नाही?"

मी म्हणालो, "रेकॉर्डिंग चालू होतं."

हे वाक्य इथे लिहून ठेवतो. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे.

९ सप्टेंबर

उद्या ऑपरेशन. ओमप्रकाश न सांगता स्वतःची मशीन घेऊन दवाखान्यात आला. मी माइक बाबांच्या तोंडापाशी धरला. "बाबा, काहीही बोला. एक शब्द."

त्यांनी माइकवर हात ठेवला. कान अगदी जवळ नेला तेव्हा कळलं. म्हणत होते, "असा आवाज नको ठेवू माहा. लोकाईले वाटन, असाच होता."

म्हणजे आता माझ्या बापाचा आवाज जगात फक्त त्या कॅसेटवर आहे. खड्डा आहे, बाजार आहे, डोळे इकणं आहे. मला हाक मारली आहे तिथे टूं आहे. माझ्याच बोटाच्या खुणेने मारलेला. फार वाईट वाटतं आहे, आणि हे शुद्ध किंवा अशुद्ध कुठल्याच भाषेत नीट लिहिता येत नाही.

१६ सप्टेंबर

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. नाकातल्या नळीतून दूध. काही हवं असलं की पलंगाच्या दांडीवर वाटी वाजवतात. वाटीचा आवाज मोठा आहे, सिस्टर वैतागतात.

आगाशेंचं पत्र आलं. कॅसेटला पुण्यात जोरदार मागणी आहे, दुसऱ्या भागात टूं वाढवावेत. शब्द कोणता हे अजिबात फोडू नका, अशी खास सूचना. मी उत्तर दिलेलं नाही.

११ ऑक्टोबर

नळी निघाली. बाबा पेज पितात. आज दुपारी कुसुमताई मोसंबी घेऊन आल्या, त्याच वेळी पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावाने टू-इन-वन लावला. वॉर्डात वेळ जात नाही, म्हणून त्याने कॅसेट आणली होती. कुठली, ते सांगायला नको.

माझाच शुद्ध आवाज आला: प्रिय मित्रा, तू आता काळभुयारात आहेस. मला उठून पळावंसं वाटलं. मग बाबांचा आवाज आला. जूनमधला आवाज. फाटका, पण केवढा! "अबे टूं, डोळे काय बजारात इकून आला का?" कुणीतरी ओळखलं. "हे तं आपले म्हातारबाबा!" सगळे हसायला लागले, आणि एक जण खाटेवरून ओरडला, "काय म्हनलं गा तटी तुमी?"

बाबांचे ओठ हलले. आवाज नाही. तिथे आता कॅसेटही गप्प आणि बाबाही. त्यांनी ओठ पुन्हा हलवले, मग माझ्याकडे बोट केलं.

"भैताड," मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली. नाही. हाताने खूण केली: मागे घे. भावाने कॅसेट मागे घेतली. पुन्हा टूं आला, पुन्हा मी म्हणालो. पुन्हा मान हलली. बाबांनी आपल्या पोटावर थाप मारली, मग माझ्या. इथून. आठवी ब ला मी ऱ्हस्व-दीर्घ शिकवतो तेव्हा माझा चेहरा बहुधा असाच असतो.

"वरून 'अबे' घ्या ना सर," कुसुमताई म्हणाल्या. "त्याच्याबिगर कसा येईन तो?" मग जरा हिरमुसून: "म्हंजे खरंच भैताडच होतं काय?"

कॅसेट पुन्हा मागे गेली. सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. टूं आला आणि मी बापाच्या पलंगापाशी उभा राहून पोटातून ओरडलो, "अबे भैताडा!" तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने म्हणत होतो. शेवट फाटला. बरोबर तसाच फाटला. वॉर्ड हसला, सिस्टरही हसल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते लपवायला तिथे काच नव्हती.

बाबा हसत होते. गळ्याच्या भोकातून नुसती हवा येत होती, खांदे हलत होते. मग त्यांनी डोळे पुसले आणि तळहात उताणा करून मला खूण केली: पालट.

मी कॅसेट पालटली. बी बाजूला टूं जास्त आहेत.